दडलेल्याची ओढ

धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याचा किल्ला डोंगरावर नाही. सपाट जमिनीवर, गावाला चिकटून तो उभा आहे. भोवती खंदक, आतबाहेर दोन तटबंद्या, दणकट बुरुज, वळसे घेत आत नेणारी वाट आणि बुरुजांवर आजही पडून असलेल्या तोफा. बांधकामाचं श्रेय बहमनी वजीर महमूद गावान याला दिलं जातं, म्हणजे काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. आत एक मशीद आहे आणि तिचे कोरीव खांब जुन्या मंदिराचे आहेत, हे बघणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. एवढं सगळं उघड्यावर समोर असताना सहलीला आलेल्या पोरांना मात्र भलतंच काही विचारायचं असतं. भुयार कुठंय?

मराठवाड्यात जिथे भुईकोट तिथे भुयार, निदान गोष्टीत तरी. ते घोड्यावर बसून जाता येईल एवढं उंच असतं. ते पुढच्या किल्ल्यात किंवा एखाद्या देवीच्या गाभाऱ्याखाली निघतं. त्याचं तोंड कुणीतरी कधीतरी बुजवलेलं असतं. गावातल्या एखाद्याच्या पणजोबांनी आत शिरून पाहिलेलं असतं, आणि नेमका कंदील विझतो म्हणून ते माघारी फिरलेले असतात. तपशील गावोगाव बदलतात, कंदील मात्र सगळीकडे विझतो. तो विझला नाही तर गोष्टच संपेल, हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

ही ओढ पोरकट म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. डोळ्यांपुढचा खांब सोडून न दिसणाऱ्या भुयाराकडे मन धावतं, यात धर्माने आणि तत्त्वज्ञानाने हजारो वर्षं ज्याची दखल घेतली तो प्रश्न आहे. जे दडलेलं आहे तेच मोलाचं, असं माणसाला का वाटतं? आणि हे वाटणं त्याला ज्ञानाकडे नेतं की नाशाकडे? परंड्यात हा प्रश्न विचारायला कारणंही पुष्कळ आहेत.

एक कारण किल्ल्याच्या इतिहासातच आहे. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं, आणि काही काळ निजामशाहीचा कारभार परंड्याहून चालला. पुढे किल्ला आदिलशाहीकडे गेला. 1634 मध्ये शहाजहानचा मुलगा शाह शुजा आणि मुरब्बी सेनापती महाबतखान यांनी परंड्याला वेढा घातला आणि हात हलवत परतले. पुढे 1657 च्या तहात हा किल्ला मोगलांना द्यायचं ठरलं, पण ताबा काही मिळेना. शेवटी 1660 मध्ये तो मिळाला तो लढून नव्हेच. गालिब नावाच्या किल्लेदाराने मोगलांशी आतून संधान बांधून किल्ला त्यांच्या हवाली केला. तोफांना जे जमलं नाही ते कानगोष्टींना जमलं. दरवाजे, खंदक, दुहेरी तट यांच्या मागे दडलेली सगळ्यांत नाजूक जागा एका माणसाचं मन होती. ती शोधणाऱ्याने शोधली.

दुसरं कारण मुलूखमैदान. ही तोफ मुहम्मद बिन हसन रूमी याने 1549 मध्ये अहमदनगरला ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंड जबडा वासलेल्या सिंहाचं, आणि त्या जबड्यात हत्ती. ती बरीच वर्षं परंड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं ती ओढत होती असं सांगितलं जातं. तिच्या जोडीची दुसरी तोफ नदी ओलांडताना बुडाली, अजून तळाशी आहे, असंही सांगतात. विजापूरच्या बुरुजावर मुलूखमैदान आज उघड्यावर आहे. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, राजाचं नाव कोरलेलं आहे, विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरवलेला लेखही आहे. लपवण्यासारखं तिच्यात काहीच उरलेलं नाही. तरी लोक तिला हात लावून मनातली इच्छा बोलून दाखवतात. 1854 मध्ये ती लिलावात निघाली आणि तिला 150 रुपयांची बोली आली. लोकांची तिच्यावरची भक्ती पाहून ती विक्री रद्द करावी लागली. नदीत बुडालेल्या तोफेची गोष्ट कान टवकारून ऐकली जाते, तर उघड्यावरच्या तोफेपुढे हात जोडले जातात. आकर्षणाच्या या दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक पुढे कामाला येणार आहे.

कारण दडलेल्याची ओढ भुयाराच्या गोष्टीपाशी थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ती थांबत नाही. भुयाराच्या टोकाला हंडा असतो. मोहरांचा, सोन्याच्या विटांचा, नाग राखत बसलेला. पडक्या गढ्या, ओसाड देवळं, जुन्या वाड्यांचे तळखडे यांची महाराष्ट्रात जितकी नासधूस काळाने केली तितकीच गुप्तधनासाठी रात्री पहार चालवणाऱ्यांनी केली असेल. कायद्यात याची दखल जुनीच आहे. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पण हंड्यामागे लागलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. त्याला मांत्रिक आठवतो.

आणि मांत्रिकाच्या वाटेवर मानवत लागतं. परभणी जिल्ह्यातल्या या गावात 1972 च्या अखेरीपासून 1974 च्या सुरुवातीपर्यंत लहान मुलींचे आणि स्त्रियांचे खून पडत राहिले. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासात जे पुढे आलं त्यात गुप्तधन होतं, मूल व्हावं म्हणून केलेला नवस होता आणि अमुक झाडाखाली अमुक रक्त सांडलं की धन दिसेल अशी खात्री होती. मेलेल्या मुलींना त्या हंड्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्या कुणाच्या तरी घरच्या लेकी होत्या. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्धचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधन, मौल्यवान वस्तू आणि जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गूढाची ओढ कुठवर जाऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्राने स्वतःच्या विधिपुस्तकात नोंदवून ठेवला आहे.

यावर सोपा उपाय सुचतो. कुतूहलच नको. चौकशा नकोत, जे आहे ते मुकाट्याने मानावं. पुष्कळ धर्मोपदेशकांनी हा उपाय सांगितला आहे, आणि तो चुकीचा आहे. मानवतला कुणी फार प्रश्न विचारले म्हणून मुली मेल्या नाहीत. मांत्रिकाला एकही प्रश्न विचारला गेला नाही म्हणून त्या मेल्या. रक्ताने सोनं कसं दिसतं, कुणी पाहिलं, याआधी कुणाला दिसलं, एवढं विचारणारा एक माणूस त्या घरात पुरला असता. गूढाला भुलणं आणि गूढाला प्रश्न विचारणं यांत इतकं अंतर आहे.

परंड्याकडेच या प्रश्नाचं अधिक खोल उत्तर आहे, आणि ते किल्ल्यात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावात हंसराजस्वामी राहत होते. वेदान्तावर मराठीत ओवीबद्ध लिहिणाऱ्यांत त्यांचं नाव मोठं आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘वाक्यवृत्ती’ आणि ‘लघुवाक्यवृत्ती’ या ग्रंथांवर त्यांनी मराठीत विवरण केलं. गुरूने शिष्याच्या कानात सांगायचं असं ज्याला म्हटलं जायचं, ते त्यांनी परंड्यात बसून ओव्यांत मांडलं. ही वाट त्यांच्याआधी साडेपाचशे वर्षं ज्ञानेश्वरांनी घालून दिली होती. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण ज्याला सर्व गुह्यांचा राजा म्हणतो, ते 1290 मध्ये नेवाशात मराठीतून सगळ्यांना ऐकायला मिळालं. गुपित फुटलं. आणि फुटल्याने त्याचं वजन रतीभरही कमी झालं नाही. आज सातशे वर्षांनंतर पारायणाला बसलेल्या बाईला तो अध्याय पाठ असतो, तरी तो संपलेला नसतो.

खऱ्याखोट्या गूढाची पारख इथे होते. मांत्रिकाच्या गुपिताला झाकण काढलं की काही उरत नाही, म्हणून तो झाकण काढू देत नाही. नेवाशाचं गुपित भर सभेत सांगितलं गेलं.

हंसराजस्वामींच्या रचनांत चुडालेचं आख्यानही आहे. मूळ कथा योगवासिष्ठातली. माळव्याचा राजा शिखिध्वज आणि त्याची राणी चुडाला. दोघं शास्त्रं ऐकतात, वाचतात. राणीला आत्मज्ञान होतं. ती नवऱ्याला सांगते, तर तो हसतो. महालात राहणाऱ्या, दागिने घालणाऱ्या बाईला, तेही इतक्या सहज, ज्ञान होईल कसं? एका रात्री तो राज्य टाकून अरण्यात निघून जातो. राणी कुणाला काही कळू न देता राज्य चालवते. बऱ्याच वर्षांनी ती कुंभ नावाच्या ब्राह्मणकुमाराचं रूप घेऊन त्याच्या झोपडीपाशी जाते. बायकोचं जे त्याने ऐकलं नाही ते अनोळखी पोराचं तो हात जोडून ऐकतो. वेषांतर, ओळख लपवणं, रात्रीचे फेरे, कारस्थानाची सगळी सामग्री इथे आहे, आणि ती एका माणसाला जागं करण्यासाठी वापरलेली आहे.

कुंभ त्याला एक गोष्ट सांगतो. एक श्रीमंत माणूस चिंतामणी मिळवण्यासाठी झटत असतो. मागाल ते देणारा तो मणी. थोड्याच काळात मणी त्याच्यापुढे येऊन ठेपतो, हात पुढे केला की मिळेल इतका जवळ. माणूस थबकतो. चिंतामणी असा सुखासुखी मिळतो का? त्यासाठी जन्म घालवावे लागतात म्हणे. माझ्यासारख्या करंट्याला तो एवढ्यात कसा दिसेल? तो विचार करत राहतो आणि मणी निघून जातो. मग तो पुन्हा खडतर साधना करतो, आणि पुढे वाटेत त्याला काचेचा तुकडा सापडतो. एवढे कष्ट केले म्हणजे हाच खरा, असं मानून तो घरदार, धनदौलत सगळं सोडतो आणि काच उराशी धरून रानात जातो. शिखिध्वजाला ही गोष्ट आपलीच आहे हे कळायला वेळ लागतो. त्याचा चिंतामणी महालात त्याच्याशी बोलत होता.

या गोष्टीत नवस, मांत्रिक, हंडा, भुयार या सगळ्यांच्या मुळाशी असलेली समजूत सापडते. किंमत दडण्यात असते, ही ती समजूत. सोपं ते खोटं, उघड ते हलकं, अवघड आणि अंधारातलं ते खरं. वेदान्ताचं म्हणणं नेमकं उलट आहे. आत्मा कुठेही पुरलेला नाही. जो शोधतो आहे तोच तो आहे, म्हणून तर तो सापडत नाही. हे म्हणणं कुणाला पटो न पटो, पण ते माणसाच्या एका जुन्या खोडीवर अचूक बोट ठेवतं. आणि याच कारणाने मोठमोठी तपं, कडक व्रतं, दुर्गम ठिकाणचे बाबा यांच्याकडे धाव घेणाऱ्या आजच्या सुशिक्षितांनीही हे आख्यान वाचायला हवं. शेवटी शिखिध्वज झोपडी, दंड, कमंडलू यांची होळी करतो आणि देहही टाकायला निघतो, तेव्हा कुंभ त्याला अडवतो. पुढे ओळख पटते, दोघं राजधानीत परततात आणि राज्य करतात. ज्ञान झालं म्हणून माणूस रानात राहिला नाही. कामाला लागला.

पण मग प्रश्नाला मर्यादा असतेच की नाही? बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत शिंगांना सोनं बांधलेल्या हजार गाई आहेत आणि त्या जिंकणाऱ्या याज्ञवल्क्याला एकेक जण प्रश्न विचारतो आहे. गार्गी विचारते, हे सगळं पाण्यावर विणलेलं आहे, तर पाणी कशावर? वाऱ्यावर. वारा कशावर? अशी ती एकेक लोक ओलांडत ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि तो कशावर असं विचारते. याज्ञवल्क्य तिला सांगतो, आता पुढे विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. बाईला दटावून गप्प केलं, असा याचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. पण गार्गी गप्प राहत नाही. थोड्या वेळाने ती सभेची परवानगी घेऊन पुन्हा उभी राहते, दोन बाण घेऊन आलेल्या वीरासारखी दोन प्रश्न टाकते, आणि या वेळी तिला उत्तर मिळतं. जे दिसत नाही पण पाहतं, ज्याला कुणी जाणत नाही पण जे जाणतं, त्या अक्षराविषयीचं. पहिल्या वेळी ती पडद्यामागचा पडदा उचलत होती. दुसऱ्या वेळी तिने सगळे पडदे ज्याच्यावर टांगले आहेत त्याविषयी विचारलं. उत्तर ऐकून ती सभेला सांगते की या माणसाला कुणी हरवू शकणार नाही, आणि बसते.

विदग्ध शाकल्य बसत नाही. देव किती, असं विचारून तो तेहतीसशे सहापासून एका देवापर्यंत उतरतो, तरी विचारतच राहतो. त्याला जाणून घ्यायचं नसतं, हरवायचं असतं. अखेर याज्ञवल्क्य त्याला उलट एक प्रश्न विचारतो, शाकल्याला उत्तर येत नाही आणि त्याचं मस्तक खरोखरच गळून पडतं. उपनिषद पुढे एक ओळ टाकून जातं. त्याची हाडं चोरांनी पळवली, ती भलतंच काही समजून. भाष्यकार खुलासा करतात की शिष्य ती संस्कारासाठी घरी नेत होते आणि चोरांना गाठोड्यात धन आहे असं वाटलं. गुप्तधनाची इतकी भेदक कथा अडीच हजार वर्षांत दुसरी कुणी लिहिलेली नसेल.

धाराशिव जिल्ह्यातच आणखी एक राजा आहे ज्याला बघितल्याशिवाय राहवलं नाही. कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ नावाचं काव्य रचलं. साधारण अकराव्या शतकातलं. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून 1934 मध्ये विदर्भातल्या कारंज्याहून प्रसिद्ध केलं, आणि त्यातलं तेरापूर म्हणजे आजचं तेर, त्यातली लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, हे दाखवून दिलं. जेम्स बर्जेस यांच्या 1878 च्या अहवालात या लेण्यांचं सविस्तर वर्णन आहे. काव्यात करकंड राजा लेण्यात जातो. पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या आसनावर त्याला दगडाची एक गाठ दिसते. अशा सुबक कामात ही गाठ का ठेवली? एक जुना कारागीर त्याला सांगतो की खोदताना इथे पाण्याचा झरा लागला होता, तो बंद करायला ही गाठ घातली आहे, हिला हात लावू नये. राजाला उत्तर मिळालेलं असतं. पण त्याला तो झरा डोळ्यांनी पाहायचा असतो. गाठ फोडली जाते. पाणी उसळतं आणि लेणं भरून जातं. राजा पश्चात्तापाने पोळतो, आणि पुढे वरच्या बाजूला नवं लेणं कोरवतो. कवीने त्याला शाप दिलेला नाही, कामाला लावलं आहे. इथे दोष विचारण्यात नव्हता. जाणत्याने सांगितलेलं मानायची तयारी नसण्यात होता.

याच तेरला विचारण्याची सर्वांत देखणी बाजू बघायला मिळते. ग्रीक-रोमन प्रवासवर्णनांत दख्खनमधल्या तगर नावाच्या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. ते नगर कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची डोकी शिणली. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते गोरा कुंभारांचं तेर आहे हे पटवून दिलं. पण तेरच्या मातीला बोलकं केलं ते तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पाऊस पडून गेला की पांढरीच्या टेकाडांवरून माती वाहते आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, दिव्यांचे तुकडे वर येतात. लामतुऱ्यांनी ते वेचले, जपले, हजारोंनी. ज्या मातीत दुसरा हंडा शोधत पहार चालवतो, तिथे ते फुटकी बाहुली उचलत होते. तो सगळा संग्रह आज त्यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे, आणि त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 मध्ये अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. दोघींमधलं साम्य नजरेत भरणारं आहे.

परंड्याहून तेर दूर नाही. भुयार विचारणाऱ्या पोरांना तिथे न्यायला हवं, काचेपलीकडची ती मूर्ती दाखवायला हवी, आणि ती दोन हजार वर्षांपूर्वी इटलीपर्यंत पोचलेल्या मूर्तीची बहीण शोभते हे सांगायला हवं. मग पोरं विचारतीलच. ती कुणी कोरली, कुठल्या बंदरातून गेली, तिकडे कुणाच्या घरात होती? पॉम्पेईची मूर्ती तेरची, भोकरदनची की आणखी कुठल्या कारागिराच्या हातची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत झालेलं नाही. त्यांतल्या एखाद्या पोराने पुढे ते ठरवावं.